पॉवर स्टिअरिंगच्या पंपाची गळती : शोध आणि दुरुस्ती

आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, विद्यार्थ्यांची ने-आण करणारी गाडी किंवा कार्यालयाची जीप ही वाहने ग्रामीण भागात अनेक वर्षे अखंड सेवा देत असतात. वय वाढले की त्यांच्या पॉवर स्टिअरिंगच्या पंपातून तेल झिरपू लागते. पहिले काही महिने चालक डबीत तेलाची भर घालून वेळ भागवितो. काम अडत नसल्याने गळतीकडे दुर्लक्ष होते आणि किरकोळ खर्चाची दुरुस्ती मोठ्या खर्चावर जाते. घाटाच्या वळणावर स्टिअरिंग एकाएकी जड झाले, तर प्रवाशांच्या जिवाशीच गाठ पडते.

यंत्रणेचे कार्य

अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्टिअरिंगचे प्रात्यक्षिक दाखविले. विक्रीसाठीच्या मोटारीत ही सोय प्रथम १९५१ मध्ये क्रायस्लर इंपीरियल या गाडीत आली. आज नव्या लहान मोटारींत बहुधा विजेवर चालणारी पद्धती आढळते. सुमो, बोलेरो यांसारख्या जुन्या गाड्यांत मात्र, जेथे पॉवर स्टिअरिंग आहे तेथे, तेलाचा पंपच असतो.

हा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्याच्या आत लंबवर्तुळाकार कड्यात एक चक्री असते आणि तिच्या खाचांत पातळ पाती बसविलेली असतात. चक्री फिरू लागली की पाती बाहेर सरकून कड्याला टेकतात, डबीतील तेल ओढतात आणि दाबाने स्टिअरिंगच्या पेटीकडे ढकलतात. चाके पूर्ण वळविली असता हा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० ते १०० किलोग्रॅम इतका किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब साधारणपणे २ किलोग्रॅम असतो, हे लक्षात घेतले म्हणजे रबरी सीलवर पडणाऱ्या ताणाची कल्पना येते. उष्णतेने सील कडक होतात, त्यांच्या कडा झिजतात आणि तेल बाहेर पडू लागते.

लक्षणे व धोके

गाडी उभी राहते तेथे तेलाचे डाग पडणे, स्टिअरिंग वळविताना घरघर ऐकू येणे, डबीतील तेलाला फेस येणे आणि सकाळी स्टिअरिंग जड वाटणे ही प्रमुख लक्षणे होत. तेल कमी झाल्यास पंप हवा ओढतो. तेलाविना फिरणाऱ्या धातूच्या भागांची झीज होऊन तिचे कण स्टिअरिंगच्या पेटीत जातात आणि मग पेटीचेही काम निघते. गळालेले तेल पट्ट्यावर पडल्यास पट्टा घसरतो. अनेक गाड्यांत त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर व पाण्याचा पंपही चालतो. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल सांडल्यास आग लागण्याचाही संभव असतो.

पंप बंद पडला तरी चाके वळविता येतात. मात्र त्यासाठी फार जोर लावावा लागतो. ही गोष्ट प्रत्येक चालकास आधीच माहीत असावी.

गळतीचा शोध

पंपाखाली तेल दिसले म्हणून पंपच सदोष आहे, असे मानू नये. प्रथम पंप, डबी व नळ्या पुसून कोरड्या कराव्यात. नंतर खाली पुठ्ठा अंथरून इंजिन सुरू करावे व सहकाऱ्यास स्टिअरिंग दोन्ही बाजूंस सावकाश फिरविण्यास सांगावे. शेवटच्या टोकास ते पाच सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये. पुलीच्या मागे ओल दिसल्यास किंवा आजूबाजूस गोलाकार शिंतोडे उडाल्यास दांड्याचे ऑइल सील खराब झाले आहे, असे समजावे. डबी व पंप यांच्या सांध्यात ओल असल्यास ओ-रिंग आणि दाबाच्या नळीच्या तोंडाशी असल्यास वॉशर तपासावा. परतीच्या नळीची क्लिप सैल असणे हेही नेहमीचे कारण आहे. चालू इंजिनात गळती हाताने चाचपू नये. धोतर, उपरणे, ओढणी पट्ट्यापासून दूर ठेवावी.

दुरुस्तीचा क्रम

इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवावी. डबीतील तेल पिचकारीने काढून, पट्टा सैल करून व नळ्यांची तोंडे बंद करून पंप उतरवावा. दाबून बसविलेली पुली ओढणीच्या साधनाने, म्हणजे पुलरने काढावी. हातोडीच्या घावाने दांडा वाकतो. पंप उघडताना पात्यांची दिशा ध्यानात ठेवावी. त्यांची गोलसर कड कड्याच्या बाजूस असते.

सील बदलण्यापूर्वी दांडा नखाने तपासावा. त्यावर चर पडला असल्यास नवे सीलही लवकरच गळते. बेअरिंग हलत असल्यास तेही बदलावे. दोन्ही दोष एकत्र असल्यास पूर्ण पंप बदलणेच किफायतशीर ठरते. नव्या सीलला तेल लावून त्याची ओठासारखी कड तेलाच्या बाजूस ठेवून ते सरळ बसवावे. ओ-रिंग व वॉशर नवेच वापरावेत.

तेल निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. ब्रेकचे तेल चुकूनही घालू नये. त्याने सील फुगून निकामी होतात. गळती थांबविणारी बाजारातील औषधे सील फुगवितात, त्यामुळे त्यांचा उपयोग तात्पुरताच होतो.

शेवटी यंत्रणेतील हवा काढावी. पुढील चाके जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावीत. दगड-विटांचा आधार देऊ नये. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा-वीस वेळा फिरवावे आणि तेलाची भर घालीत राहावे. नंतर इंजिन सुरू करून बुडबुडे थांबेपर्यंत हीच क्रिया करावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करावी.

नोंदीचे महत्त्व

ही यंत्रणा बंदिस्त असल्याने तिच्यातील तेल खर्च होत नाही. दुसऱ्यांदा भर घालावी लागली, की गळती आहे असे निश्चित समजावे. यासाठी लॉगबुकात भर घातल्याची तारीख, प्रमाण आणि किलोमीटर यांची नोंद ठेवणे इष्ट होय. दुरुस्तीचे देयक मंजूर करताना ही नोंद पाहावी आणि बदललेले जुने भाग मागून घ्यावेत. झिजलेले सील समोर असले, म्हणजे दोष कोठे होता हे कोणासही कळते. काढलेले तेल नाल्यात किंवा विहिरीजवळ न ओतता बंद डब्यात साठवावे. वापरलेल्या तेलाची गणना २०१६ च्या घातक कचरा नियमांत होत असल्याने ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच सोपवावे.