ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीसाठी कोणती लायब्ररी निवडाल?

मोबाइलवर भारी गेम चालतो, पण लॅबमधल्या जुन्या पीसीवर आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमची साधी विंडोही उघडत नाही. असं का? मोबाइलच्या चिपमध्ये जीपीयू असतोच. जुन्या पीसीत तो नसतो, किंवा असून त्याचा ड्रायव्हर टाकलेला नसतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं, की समजा सगळे पिक्सेल सीपीयूच रंगवतोय.

अशा वेळी विंडोजकडे ओपनजीएल उरतं ते फक्त १.१. रेलिबला मात्र साधारणपणे ३.३ लागतं, म्हणून ते सुरूच होत नाही. लिनक्सवर मेसाचं एलएलव्हीएमपाइप तेच काम सीपीयूकडून करून घेतं. विंडो उघडते, पण थ्रीडी सीन मोठा झाला की रखडतो.

टू-डीसाठी माझं मत सरळ आहे: सी येत असेल तर एसडीएल आणि त्याचा सॉफ्टवेअर रेंडरर, पायथन येत असेल तर पायगेम. आलेख किंवा नकाशाच्या गुळगुळीत रेषा हव्या असतील तर कैरो.

पण नुसती लायब्ररी बदलून भागत नाही. समजा, आपल्या पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे स्क्रीनवर दाखवायचेत. उघडलेला दरवाजा निळा. फुल एचडी स्क्रीनवर २०,७३,६०० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट. म्हणजे एका फ्रेमला सुमारे ८.३ एमबी, आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर जवळपास ५०० एमबी. बिचारा सीपीयू हे फक्त मेमरीत लिहिण्यातच दमणार! तेच ६४० बाय ४८० वर जेमतेम ७४ एमबी. (१९९३ चा डूम तर ३२० बाय २०० वर, ग्राफिक्स कार्डाच्या मदतीशिवाय पळायचा.)

आणि एक दरवाजा उघडला तर अख्खं धरण पुन्हा का काढायचं? पायगेमच्या अपडेट फंक्शनला फक्त बदललेले चौकोन द्या, तेवढेच स्क्रीनवर जातात. पार्श्वभूमीचा फोटो लोड केल्यावर एकदाच कन्व्हर्ट करून ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी रंगांचा फॉरमॅट बदलण्यात वेळ जातो. पारदर्शक चित्रं जपून वापरा. तिथे सीपीयूला खालचा रंग वाचून, दोन्ही मिसळून, परत लिहावं लागतं.