इंदूरचे ड्रॉइंग मास्तर

कलाशिक्षक कसा घडतो यावर लिहा, असं संपादक म्हणाले आणि मी थेट इंदूर गाठलं. मराठी माणसाला हे गाव पोहे-जिलबी आणि होळकरांपुरतंच ठाऊक असतं. पण १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी होळकरी आश्रयाने इथे चित्रकला विद्यालय उभं केलं. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जोशी, मकबूल फिदा हुसेन हे सगळे इथेच शिकले. देवळालीकरांचा भर बाहेर उघड्यावर बसून चित्रं काढण्यावर होता. बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवायला गेले, पुढे तिथे डीन झाले. गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट हे तिथले विद्यार्थी. म्हणजे बडोद्याच्या नावलौकिकात इंदूरचाही वाटा आहे. तो फारसं कोणी बोलून दाखवत नाही.

मी मात्र रेंगाळलो ते विष्णू चिंचाळकरांपाशी. हेही देवळालीकरांचेच विद्यार्थी. अख्खं शहर त्यांना 'गुरुजी' म्हणायचं. व्यक्तिचित्रणात हात बसलेला हा माणूस पुढे वाळकी पानं, काटक्या, साली, फुटकी खापरं यांच्या नादी लागला. रीत साधी. पान हातात घ्यायचं, उलटसुलट फिरवायचं. देठ चोच वाटू लागला की थांबायचं आणि हात शक्यतो आवरायचा. यात चित्र 'काढणं' जवळपास नाहीच, आहे ते बघणं. गावातल्या ज्या शाळेत रंगपेटीची मारामार, तिथेही हा तास होऊ शकतो. माझ्या मते कलाशिक्षकाच्या अभ्यासक्रमाचं हे पहिलं पान असायला हवं.

प्रत्यक्षात आपल्याकडचा छात्राध्यापक पाठ टाचण लिहितो, फळ्यावर खडूने रेखाटन करतो, सराव पाठ देतो. हेही लागतंच, वर्ग सांभाळणं ही काही आपोआप येणारी गोष्ट नाही. पण मुलाच्या हातातलं पान बघायला त्याला कोण शिकवणार?

आणि शिकलाच, तर नोकरी कुठे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी, तेही शंभरावर पट असेल तरच, कलेचा निदेशक सांगितला आहे. तोही अंशकालीन. २०२० चं राष्ट्रीय धोरण सगळे विषय कलेच्या अंगाने शिकवा म्हणतं. इकडे परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताचे सर मागून घेतात. चार वर्षं कलामहाविद्यालयात घालवलेला मुलगा मग जाहिरातीच्या कामाकडे वळतो, त्यात त्याचा काय दोष?

पुढच्या पालकसभेत मार्कांचा विषय निघण्याआधी एवढं विचाराच: आपल्या शाळेत चित्रकलेचे सर पूर्णवेळ आहेत का?