जड काय, हलके काय, पडणे सारखेच

गोपाळकाल्याच्या दिवशी लालबाग-परळात, दादरला किंवा गिरगावात थर लागले, की पाहणाऱ्यांपैकी कोणी तरी म्हणतोच, "वरचं पोर हलकं आहे, पडलं तरी हळू पडेल." जड वस्तू वेगाने खाली येते आणि हलकी सावकाश, असे आपण लहानपणापासून धरून चाललेलो असतो. दगड आणि पिंपळाचे पान एकदम सोडून पाहिले, तर ते खरेही वाटते. पण पानाला अडवते ती हवा. पृथ्वीची ओढ तेवढी पाहावयाची असेल, तर त्याचे साधन घरीच तयार करता येते.

एकाच मापाच्या, झाकणाच्या दोन छोट्या डब्या घ्या. एकीत वाळू गच्च भरा, दुसरीत चुरमुरे. आकार सारखा, म्हणून हवेचा अडथळाही जवळजवळ सारखा. फरक फक्त वजनाचा. झाकणाला मधोमध भोक पाडून बारीक सुतळी ओवा आणि आतून गाठ मारा. दाराच्या चौकटीला वर, वीतभर अंतराने दोन खिळे ठोकून डब्या टांगा. खिळ्यापासून डबीच्या मध्यापर्यंत बरोबर 99 सेंटिमीटर अंतर हवे. नुसती सुतळी मोजू नका, डबीच्या मध्यापर्यंत मोजा. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. आणि हो, कपडे वाळत घालायच्या दोरीला हे टांगू नये. दोरी हलते, आणि एका डबीचा झोका दुसरीत शिरतो.

आता एक पट्टी आडवी धरून दोन्ही डब्या चार बोटे मागे रेटा आणि पट्टी झटकन काढून घ्या. डब्या बरोबर जातील, बरोबर परत येतील. चुरमुऱ्यांच्या डबीचा झोका लवकर लहान होत जाईल, तो हवेमुळे. पण जायला-यायला लागणारा वेळ दोघींचा एकच. झोका म्हणजे तरी काय? सुतळीने आवरून धरलेले पडणेच ते. जड वस्तू खरोखर लवकर पडत असती, तर वाळूची डबी पुढे निघून गेली असती.

असे का व्हावे? भरलेली हातगाडी आणि रिकामी हातगाडी आठवा. भरलेलीला जोर जास्त लावावा लागतो, कारण ती हलायलाच जड. पृथ्वी वाळूला जास्त जोराने ओढते हे खरे, पण वाळू हलायलाही तितक्याच पटीने जड असते. एकाने दुसऱ्याची भरपाई होते. न्यूटनने हाच प्रयोग सारख्या आकाराच्या दोन लाकडी पेट्या टांगून केला होता. त्याने सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि चक्क गहूसुद्धा भरून पाहिले, आणि 1687 सालच्या आपल्या ग्रंथात ते लिहून ठेवले. पुढे 1971 साली अपोलो-15 च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर, जिथे हवाच नाही तिथे, हातोडा आणि पीस एकदम सोडले. दोन्ही एकदमच खाली पोचले.

आपल्या डबीवरून पृथ्वीची ओढ मोजताही येते. जाऊन परत आली की एक झोका, असे पन्नास झोके घड्याळावर मोजा. सुमारे 100 सेकंद लागतील, म्हणजे एका झोक्याला दोन. आता लांबी मीटरमध्ये घेऊन तिला 39.5 ने गुणा आणि झोक्याच्या वेळेच्या वर्गाने, म्हणजे चाराने, भागा. उत्तर येते 9.78. मुंबईत खरा आकडा सुमारे 9.79 आहे. सुतळी आणि चुरमुऱ्यांनी इतके जवळ जाता यावे, हे काही थोडे नव्हे! या आकड्याचा अर्थ असा, की पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जवळजवळ दहा मीटरने वाढतो.

हाच हिशेब थरांना लावून पाहू. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने हंडीच्या उंचीला वीस फुटांची मर्यादा घातली होती. 2017 साली ती उठली. मात्र चौदा वर्षांखालील मुलांना थरांवर चढवावयाचे नाही, हे कायम राहिले. वीस फूट म्हणजे सहा मीटर. तेवढ्या उंचीवरून सुटलेली वस्तू, मध्ये कोणी झेलले नाही तर, सव्वा सेकंदाच्या आतच जमिनीला लागते. त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे 39 किलोमीटर असतो. वजन पंचवीस किलो असो की साठ, वेग तोच. वरच्या पोराचे हलकेपण खालच्या खांद्यांना सोयीचे; पडताना त्या पोराला त्याचा उपयोग नाही. झेलणाऱ्यांच्या हातीही सेकंदभराचाच अवधी असतो.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग करताना, कोणती डबी आधी परत येईल ते मुलांकडून अगोदर लिहून घ्यावे आणि मगच पट्टी काढावी. नंतर सुतळी आखडून डबीच्या मध्यापर्यंतचे अंतर चौथ्या हिश्श्याएवढे, पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास, ठेवावे आणि पन्नास झोके पुन्हा मोजावयास लावावे. शंभराऐवजी किती सेकंद लागतात, ते मुलेच शोधून काढतील. उत्तर आधी सांगू नये.