मुलांच्या शिक्षणासाठी लॅपटॉप : दोन्हींपैकी कोणता घ्यावा?



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया आणि खतांचे हप्ते यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा निराळा आहे. गेली काही वर्षे जून-जुलै उजाडला की शेतकी गट कार्यालयात नोंदीच्या कामासाठी आलेले सभासद जाता जाता हळूच विचारतात, "साहेब, पोराला लॅपटॉप घ्यायचाय. कुठला घ्यावा?" पूर्वी मुलगा कॉलेजला निघाला की ट्रंक, वळकटी आणि फार तर सायकल द्यावी लागे. आता लॅपटॉप लागतो, आणि तो बेंदराच्या किंवा दिवाळीच्या हप्त्यातूनच येतो. तेव्हा हाही उसाच्याच पैशाचा प्रश्न आहे असे समजून चार शब्द लिहीत आहोत.

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या पूर्वेकडील गटातील एका जुन्या सभासदांच्या मुलीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. घराण्यातली ती पहिलीच इंजिनिअर होणार. वडील, मुलगी आणि धाकटा मुलगा असे तिघे तालुक्याच्या गावी दुकानात गेले. दुकानदाराने दोन लॅपटॉप पुढे ठेवले. एक पातळ, साधा, ५४ हजारांचा. दुसरा जाड, कळांमधून रंगीत दिवे लागणारा, ज्याला गेमिंग लॅपटॉप म्हणतात तो, ७८ हजारांचा. काही ठरेना, म्हणून दोन्हींची माहितीपत्रके घेऊन तिघेही आमच्याकडे आले.

वडील म्हणाले, "साहेब, एकदाच घ्यायचाय, तर दमदारच घेऊ. पोरगी मागं पडाय नको." धाकट्याचा डोळा तर रंगीत दिव्यांवरच होता. मुलगी मात्र गप्प. आम्ही विचारले, "बाळ, तुला कुठला पाहिजे?" ती म्हणाली, "काका, मला दोन्ही कळत नाहीत. पण दोन्हींतला फरक चोवीस हजार आहे आणि खोडव्याला अजून खत पडलेलं नाही, एवढं कळतंय."

चोवीस हजार म्हणजे टनाला तीन हजार धरले तर आठ टन ऊस. ५४ हजार म्हणजे अठरा टन, एकरी चाळीस टन पिकवणाऱ्याचा जवळजवळ अर्धा एकर. एवढा ऊस एका पिशवीत घालून मुलीच्या पाठीवर द्यायचा, तर विचार करूनच दिला पाहिजे.

आमची स्वतःची चूक

दुसऱ्याला सल्ला देण्याआधी आमचे सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या मुलासाठी दुकानातला सर्वांत स्वस्त लॅपटॉप आणला. रॅम ४ जीबी, आणि आत जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन यावे, तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचे. मुलगा बोलला नाही, पण मित्राच्या खोलीवर जाऊन अभ्यास करू लागला. पुढे पदरचे पैसे घालून एसएसडी आणि जादा रॅम बसवली, तेव्हा कुठे यंत्र हलले. उसाची जात निवडताना सभासदांना माती तपासायला सांगणारे आम्ही, घरी मात्र फक्त किमतीची चिठ्ठी वाचली होती.

आधी जमीन, मग जात

को ८६०३२ चांगली की फुले २६५, असे कोणी विचारले तर आम्ही उलट विचारतो, तुमची जमीन कशी आहे? क्षारपड असेल तर २६५ तग धरते. निचऱ्याची, कसदार असेल तर ८६०३२ साखरेला चांगली. लॅपटॉपचेही तसेच आहे. मूल काय शिकणार आहे, हे आधी पाहावे.

कला, वाणिज्य, विज्ञान, डी.एड., नर्सिंग, कृषी पदविका या शाखांना लेखन, तक्ते, व्हिडिओ व्याख्याने आणि इंटरनेट एवढेच काम असते. साधा लॅपटॉप पुष्कळ झाला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला पहिली दोन-तीन वर्षे सी, जावा, पायथन अशा भाषांत प्रोग्राम लिहायचे असतात. त्यालाही वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही; रॅम मात्र चांगली लागते. पुढे मशिन लर्निंगचे जड काम आलेच तर कॉलेजची प्रयोगशाळा असते, आणि गुगल कोलॅबसारख्या सोयीत ते इंटरनेटवरून दूरच्या यंत्रावरही करता येते.

आर्किटेक्चर, मेकॅनिकलमधील त्रिमितीय आराखडे, ॲनिमेशन, व्हिडिओ संकलन या कामांना मात्र ग्राफिक्स कार्ड खरोखर उपयोगी पडते. तिथे ७८ हजारांचा लॅपटॉप ही चैन नव्हे, अवजार आहे. नांगरटीला मोठा ट्रॅक्टर हवाच, पण सरी भरण्यापुरते काम असेल तर त्याचे डिझेल कशाला जाळायचे?

माहितीपत्रक कसे वाचावे

आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि एकेक ओळ मुलीलाच वाचायला लावली.

प्रोसेसर म्हणजे यंत्राचे इंजिन. दोन्हींत इंटेलचा आय-५ च होता. फक्त नावाच्या शेवटी पातळ लॅपटॉपला यू आणि गेमिंगला एच असे अक्षर होते. साधारणपणे यू म्हणजे कमी वीज खाणारा आणि एच म्हणजे जास्त ताकदीचा, पण जास्त तापणारा. केवळ आय-५ ऐकून दोन्ही सारखे समजू नयेत. एएमडीचा रायझेन-५ हाही याच तोलाचा असतो.

रॅम दोन्हींत १६ जीबी होती. आजच्या घडीला ८ जीबीवर काम चालते, पण चार वर्षे टिकवायचे तर १६ बरी. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पक्की डकवलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. म्हणून रॅमसाठी मोकळा खण आहे का, हे दुकानातच विचारावे. साठवणुकीला दोन्हींत ५१२ जीबीची एसएसडी होती, ती पुरेशी आहे.

म्हणजे वरचे चोवीस हजार मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि इंजिनाच्या जादा ताकदीचे होते.

आता वजन. पातळ लॅपटॉप दीड किलोचा. गेमिंगचा सव्वादोन किलोचा, वर त्याचा विटेएवढा चार्जर अर्ध्या किलोच्या पुढे. रोज वसतिगृह ते कॉलेज, बसच्या गर्दीतून, पाठीवर पुस्तकांसह जवळजवळ तीन किलो.

आणि बॅटरी. दोन्हींची बॅटरी ५० वॅट-तासांची होती. साध्या कामाला पातळ यंत्र सुमारे ८ वॅट खाते, म्हणजे सहा तास चालते. गेमिंगचे यंत्र त्याच कामाला १४ वॅटच्या आसपास खाते, म्हणजे साडेतीन तास. सारख्याच विहिरीवर तीन आणि पाच अश्वशक्तीचे पंप बसवल्यासारखे हे आहे. मुलगी सुटीला गावी येणार, आणि आपल्याकडची वीज कशी जाते-येते हे सभासदांना सांगायला नको.

वडील बराच वेळ कागदाकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हंजी साहेब, भारी हाय ते खरं, पर आपल्या कामाला भारी न्हाई." आम्ही म्हणालो, "तात्या, तुम्ही आमच्यापेक्षा नेमकं सांगितलंत."

जुना घ्यावा का?

दरम्यान दुसऱ्या एका सभासदाने वीस हजारांत जुना लॅपटॉप मिळतोय, घेऊ का, असे विचारले. ऐपत नसेल तर जुना घेण्यात कमीपणा काहीच नाही. पण एक पाहावे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. असे यंत्र स्वस्त असले तरी किडके बेणे फुकट आणण्यासारखे होईल. शिवाय जुन्याची बॅटरी किती वेळ टिकते, हे चार्जर काढून, समोर अर्धा तास चालवून पाहावे.

खरेदीला जाताना लक्षात ठेवा

१) मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या. कळा दाबून, पडदा निरखून त्यांनाच पाहू द्या. वापरायचा त्यांना आहे.

२) कॉलेजात आधी विचारा. काही कॉलेजे विद्यार्थ्यांना ऑफिससारखी सॉफ्टवेअर स्वतः पुरवतात. तसे असेल तर त्याचे वेगळे पैसे मोजू नका.

३) किंमत फारच कमी दिसली तर विंडोज आत आहे ना, हे विचारा. काही लॅपटॉप विंडोजशिवाय विकले जातात. ते नंतर घालायचे तर वेगळा खर्च येतो.

४) जीएसटीचे पक्के बिल घ्या. त्यावरचा सिरीयल नंबर खोक्यावरच्या आणि यंत्राखालच्या नंबराशी ताडून पाहा. उसाच्या वजनाची पावती जपता तशीच ही जपा.

५) हमी एक वर्षाची आहे की तीन, आणि दुरुस्तीचे केंद्र कोणत्या गावी आहे, हे लिहून घ्या. पडणे, पाणी सांडणे हे साध्या हमीत सहसा बसत नाही.

६) "बिनव्याजी हप्ता" म्हटले तरी प्रोसेसिंग फी किती आणि रोखीने घेतल्यास सूट किती, हे विचारून मगच हिशेब करा.

७) घरी आणल्यावर अंथरुणावर ठेवून चालवू नका, खालची हवेची जाळी बंद होते आणि यंत्र तापते. कारखान्याजवळच्या गावांत गळिताच्या दिवसांत चिमणीची काजळी येते, तेव्हा काम संपताच झाकण मिटून पिशवीत ठेवा.

शेवटी काय झाले

त्यांनी ५४ हजारांचाच लॅपटॉप घेतला. आणखी काही पैसे घालून हमी तीन वर्षांची करून घेतली, एक चांगली पिशवी घेतली. उरलेल्या रकमेत खोडव्याचा खताचा हप्ता वेळेवर पडला. धाकटा दोन दिवस रुसला होता, असे कळले.

दिवाळीच्या सुटीत ती मुलगी कार्यालयात भेटायला आली. लॅपटॉपचे काम उत्तम चाललेय म्हणाली. एक तक्रार मात्र केली, "काका, झाडाखाली बसलं की पडदा नीट दिसत नाही. तेवढं आपण बघितलं नाही." खरे आहे. पडद्याचा उजेड किती, हे आम्ही कागदावर वाचलेच नव्हते. सभासदांनी ती चूक टाळावी. लॅपटॉप दुकानाच्या दाराशी, उजेडात आणूनही पाहावा. तिची खोलीतली मैत्रीण आर्किटेक्चरला आहे. तिच्याकडे जाड, दिवेवाला लॅपटॉप आहे आणि तो तिला रोज लागतो, हेही तिने आवर्जून सांगितले. ज्याची त्याची जमीन.

वडील मागे उभे होते. जाताना म्हणाले, "साहेब, मला त्यातलं अजून काय कळत न्हाई. पर रात्री फोनवर पोरगी त्याच्यातनं दिसती, तवा त्येची आई पदर सावरून बसती." आम्हाला वाटते, अठरा टन उसाचे मोल त्या घरात झाले.

यंदा मुलांना शिकायला पाठवणाऱ्या सभासदांनी माहितीपत्रके घेऊन आमच्या गट कार्यालयात अवश्य यावे. बेण्याची निवड करतो तसे बसून, वाचून ठरवू. येताना मुलालाही आणावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी