बीड पॅटर्न आणि आपला दावा: अन्याय ओळखायचा कसा?

मंडळी, पीकविम्याचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर घेतलं जातं, ते 'बीड पॅटर्न'मुळे. 2020 च्या खरिपात तो इथे सुरू झाला. हिशेब सोपा आहे. शेतकरी, राज्य आणि केंद्र मिळून 100 रुपये हप्ता जमा झाला आणि भरपाई 60 रुपयेच निघाली, तर कंपनी 20 रुपये ठेवते आणि 20 राज्य सरकारला परत करते. भरपाई 110 च्या वर गेली, तर वरचा भार सरकार उचलतं.

यानं कंपनीच्या नफ्याला लगाम बसतो, हे खरं. पण परत आलेले पैसे तिजोरीत जातात, दावा फेटाळलेल्या शेतकऱ्याच्या खात्यात नाही. म्हणून आपल्याला न्याय मिळाला का, हे आपणच तपासायला हवं.

एक लक्षात घेऊ: प्रत्येक नकार म्हणजे अन्याय नव्हे. उत्पादनावर आधारित भरपाई महसूल मंडळावर ठरते. पीक कापणी प्रयोगातलं सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली गेलं, तरच ती मिळते. शेजारच्या मंडळाला मिळाली आणि आपल्याला नाही, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही.

मग शंका कधी घ्यायची? नकाराचं कारण लेखी देत नसतील तेव्हा. पंचनाम्याची किंवा कापणी प्रयोगाची आकडेवारी दाखवत नसतील तेव्हा. आणि नुकसान उघड दिसत असताना फक्त मुदतीवर बोट ठेवत असतील तेव्हा. शेजारच्या धाराशिवमध्ये 2020 च्या अतिवृष्टीनंतर हेच घडलं. 72 तासांत पूर्वसूचना दिली नाही म्हणून सोयाबीनचे दावे अडले. शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले आणि 2022 मध्ये भरपाई देण्याचा आदेश झाला.

तेव्हा अर्जाची पावती, तक्रार क्रमांक, शेताचे फोटो जपून ठेवू. या हंगामात कोणत्या नुकसानीला संरक्षण आहे, हे आधीच वाचून घेऊ. तक्रार 14447 वर नोंदवू. दाद लागली नाही, तर तालुका आणि जिल्हा तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज देऊ. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते; पोच घेतलेल्या अर्जाला मात्र उत्तर द्यावं लागतं.