रिपोर्ट नॉर्मल, तरी कंबर का दुखते?

एमआरआय झालेला असतो, शेक, मलम, पट्टा सगळं करून झालेलं असतं. डॉक्टर म्हणतात, ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत.’ मग घरातलंच कुणीतरी म्हणून टाकतं, ‘काही नाही हो, मनाचं आहे सगळं.’ दुखणाऱ्या माणसाला याइतकं एकटं पाडणारं दुसरं वाक्य नसेल. त्याचं दुखणं शंभर टक्के खरं असतं. फक्त ते टिकवून धरणारी यंत्रणा आता कंबरेत कमी आणि मेंदूत जास्त असते.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या वेदनेला वैद्यकात जुनाट म्हणतात. ती जुनाट होते कशी, याचा माग शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वानिया अपकारियन यांच्या गटाने काढला. पाठदुखी नुकतीच सुरू झालेल्या लोकांचे मेंदू त्यांनी वर्षभर पुन्हा पुन्हा स्कॅन केले. काही जण बरे झाले, काहींचं दुखणं राहिलं. कुणाचं राहणार, याची खूण सुरुवातीच्या स्कॅनमध्येच होती! कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि खोलवरचं न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स यांच्यातला संपर्क ज्यांच्यात जास्त घट्ट, त्यांचं दुखणं टिकलं. हवंसं काय, नकोसं काय, हे शिकण्यात या जोडीचा मोठा वाटा असतो. हे निष्कर्ष 2012 सालचे. पुढच्याच वर्षी याच गटाने दाखवलं, की दुखणं जुनं होत जातं तशी त्याची मेंदूतली हालचाल नेहमीच्या वेदनाकेंद्रांतून भावनांच्या जाळ्यात सरकते.

जुनाट दुखण्याबरोबर अनेकदा चिंता येते, त्यामागे हेही असावं. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात 2022 मध्ये हे उंदरांवर तपासलं गेलं. अधिकच्या चिन्हासारखी, जमिनीपासून उंच अशी एक मांडणी असते: दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. निरोगी उंदीर धीर करून उघड्या बाजूवर फेरी मारून येतो. दीर्घकाळ वेदना सोसलेले उंदीर तिकडे जाणं टाळत राहिले. भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डालाशी जोडलेल्या एका लहानशा भागात काही पेशी इतर पेशींना प्रमाणाबाहेर दाबून धरत होत्या. दाबणाऱ्या त्या पेशींना शांत केल्यावर चिंता उतरली.

उलट दिशेनेही हेच चालतं: भीती दुखणं वाढवते. मेंदूतून मणक्याकडे उतरणारे संदेश वेदना दाबू शकतात, तसे वाढवूही शकतात. या संदेशांवर अमिग्डालाचा प्रभाव असतो. वाकायची धास्ती घेतलेल्या माणसाला वाकताना जास्त दुखतं, ते यामुळेही. त्याला ‘घाबरू नकोस’ एवढंच सांगून भागत नाही.

पण मेंदू शिकलेलं विसरूही शकतो. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे जुनाट पाठदुखीच्या 151 जणांवर एक चाचणी झाली. एका गटाला चार आठवडे बसवून समजावलं गेलं, की ही वेदना म्हणजे शरीराला धोका नव्हे. दुखत असतानाच, न घाबरता त्या जागेकडे लक्ष द्यायला शिकवलं. त्यातले 66 टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळपास वेदनामुक्त झाले. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं. मला या आकड्यांनी फार धीर दिला. मात्र यातल्या लोकांचं दुखणं सौम्य ते मध्यम होतं आणि पाठीपेक्षा पायातली कळ जास्त असणाऱ्यांना घेतलं नव्हतं. पाय बधिर पडत असेल, ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर आधी तातडीने डॉक्टर गाठायला हवा.