उरलेल्या शिध्याची पंगत

लग्नसमारंभात उरलेले अन्न गरजूंपर्यंत पोहोचविणे आणि बाजारात न खपलेल्या शिध्यातून नव्याने स्वयंपाक करून लोकांना पंगतीस बसविणे, ही दोन्ही कामे वरवर पाहता एकच वाटतात. प्रत्यक्षात त्यांत मोठे अंतर आहे. शिजलेल्या अन्नाचे आयुष्य काही तासांचे असते, आणि त्यांतील बरेचसे तास ते देणाऱ्याच्या मांडवातच सरलेले असतात. कच्च्या शिध्याचे तसे नाही. वाकडी गाजरे, मऊ पडलेले टोमॅटो, फाटक्या पोत्यातील डाळ यांना गिऱ्हाईक मिळत नसले, तरी त्यांचे सत्त्व कोठे गेलेले नसते. स्वयंसेवकांनी हाती घ्यावयाचे काम प्रामुख्याने हे दुसरे होय.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात, साली व देठ धरून, सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. यापैकी ६० टक्के घराघरांतून, २८ टक्के उपाहारगृहे व तत्सम भोजनव्यवस्थांतून आणि १२ टक्के किरकोळ विक्रीच्या दुकानांतून गेले. शेवटचा वाटा लहान दिसतो; परंतु तो एका ठिकाणी, ठराविक वेळी आणि पुष्कळदा कच्च्या स्वरूपात हाती लागतो. घरोघरचा घास गोळा करता येत नाही, दुकानातील करंड्या मात्र उचलता येतात.

ब्रिटनमधील प्रयोग

२००८ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या ‘फूडसायकल’ या संस्थेने याच जाणिवेवर आपले काम उभारले. दुकानांत उरलेला माल, चर्चच्या अथवा वस्तीच्या सभागृहातील रिकामे स्वयंपाकघर आणि नागरिकांचा मोकळा वेळ, अशा तीन विनावापर राहणाऱ्या गोष्टी तिने एकत्र आणल्या. जेवण शाकाहारी असते. येणाऱ्यास उत्पन्नाचा दाखला विचारला जात नाही. तो टेबलाशी बसतो आणि त्याला वाढले जाते. रांगेत उभे करून हातावर पुडके ठेवण्यापेक्षा ही रीत अधिक माणुसकीची आहे, यात शंका नाही. एकाकी वृद्ध अन्नासाठी येतात तितकेच सोबतीसाठीही येतात.

अशा स्वयंपाकात बेत अगोदर ठरविता येत नाही. काय आले आहे ते पाहूनच चूल पेटवावयाची. आपल्याकडील गृहिणीस हे नवे नाही. भोगीची किंवा ऋषीपंचमीची भाजी म्हणजे हाताशी असेल ते एका भांड्यात सामावून घेण्याची कलाच होय. मात्र घरच्या आठ पानांचा अंदाज ऐंशी पानांना पुरत नाही. म्हणून मोठ्या पातेल्याचा सराव असलेली एक तरी व्यक्ती प्रमुख असावी. शाळेत पोषण आहार शिजविणाऱ्या भगिनींचा अनुभव येथे मोलाचा ठरेल. त्यांच्या सेवेचा योग्य मोबदला दिला जावा, हे ओघानेच आले.

काय टाकावे?

या कामात काय वाचविले यापेक्षा काय टाकले, यावर भोजनाऱ्यांचे आरोग्य अवलंबून असते. कुपोषित बालक, गरोदर स्त्री अथवा वृद्ध यांना विषबाधेचा एक प्रसंगही झेपणारा नसतो. चांगले शिजविले की सर्व दोष जातात, हा समज घातक आहे. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतील व मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष स्वयंपाकाच्या उष्णतेने नाहीसे होत नाही. हिरवट पडलेल्या बटाट्यातील सोलॅनिनही पुष्कळसे टिकून राहते. फुगलेला डबा उघडूनही पाहू नये. वेष्टनावरील तारखांतही भेद आहे : ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख गुणवत्तेची असते, तर ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची, दुसरी उलटून गेलेला जिन्नस कितीही चांगला दिसला तरी घेऊ नये. देणाऱ्याचे मन दुखावेल म्हणून संशयास्पद माल स्वीकारणारा स्वयंसेवक कितीही सज्जन असला, तरी तो या कामास योग्य नव्हे.

शिजविलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे. भाताच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू शिजल्यावरही तग धरतात. भात तासन् तास कोमट राहिल्यास त्यांपासून वाढलेले जिवाणू असे विष तयार करतात, की जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही.

आपल्या देशात अतिरिक्त अन्नाची पुनर्प्राप्ती व वितरण यांसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ साली विनियम केले असून ते १ जुलै २०२० पासून अमलात आले. अन्न देणारे व्यावसायिक आणि ते वाटणाऱ्या संस्था या दोहोंवरही त्यांत जबाबदारी टाकलेली आहे. काम सुरू करण्यापूर्वी जिल्ह्यातील अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

ग्रामीण भागात आठवडे बाजार उठण्याची वेळ ही शिधा मिळण्याची वेळ होय. समाजमंदिराची चूल, पिण्यायोग्य पाणी आणि हात धुण्याची सोय असेल, तर महिन्यातून एका बाजाराच्या दिवशी आरंभ करता येईल. कोणाकडून काय आले, किती वाजता शिजले व किती वाजता वाढले, याची नोंद एका साध्या वहीत ठेवावी. पंगत उठल्यावर पातेल्यात जे उरेल ते दुसऱ्या दिवसासाठी झाकून न ठेवता गोबर गॅसच्या टाकीत किंवा खताच्या खड्ड्यात घालावे.